नवरीचा व्हेल विकत घ्यावा, भाड्याने आणावा की घरीच शिवावा?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका २७ वर्षांची, नाशिकची. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. मे महिन्यात सकाळी चर्चमध्ये लग्न आणि संध्याकाळी हॉलवर रिसेप्शन आहे. वडील निवृत्त झालेत, त्यामुळे लग्नाचा खर्च ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून उचलताहेत. स्वतःच्या कपड्यांसाठी तिने २५,००० रुपये बाजूला काढले होते. त्यातले ११,५०० मोतिया रंगाच्या जरीकाठी रेशमी साडीला गेले. कॉलेज रोडच्या एका बुटिकमध्ये तिने हातकाम केलेला, जमिनीवर लोळणारा लांब व्हेल (चर्चमधल्या लग्नात नवरी डोक्यावर घेते ती जाळीची ओढणी) पाहिला. किंमत १४,००० रुपये. दोन दिवसांसाठी भाड्याने हवा असेल तर ४,५००, अनामत वेगळी. आईचा १९९४ सालचा व्हेल ट्रंकेत आहे, पण तो पिवळा पडलाय, त्यावर तपकिरी डाग आहेत आणि एका कडेला तो फाटलाय. आई म्हणते, ‘तुझ्यासाठीच जपून ठेवलाय.’ मैत्रीण म्हणते, ‘आपण घरीच शिवू.’ गेल्या वर्षी पुण्याच्या मावसबहिणीने घातलेल्या लांबलचक व्हेलचं कौतुक घरात अजून चालू आहे. घरी शिवलेला व्हेल पाहून पाहुणे ‘परवडलं नसेल’ असं म्हणतील, ही तिची धास्ती. तिचे प्रश्न दोन : विकत घेऊ, भाड्याने आणू की शिवू? आणि आईला ‘नको’ कसं म्हणू?

प्रिय मुली,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. १४,००० चा व्हेल घेऊ नकोस. भाड्याचाही विचार सध्या बाजूला ठेव. अडीच मीटर चांगली मऊ नेट आण, आईच्या व्हेलची जी लेस शाबूत असेल ती त्या नेटला लाव आणि घरी किंवा ओळखीच्या टेलरताईंकडून व्हेल शिवून घे. शिलाई धरून सगळं दीड हजाराच्या आत बसावं, असा माझा अंदाज आहे. पण एवढ्यावर थांबता येत नाही. तुझ्या पत्रात काही गोष्टी तू गृहीत धरल्या आहेस आणि मला वाटतं, तुझा खरा ताण त्यांतूनच आलाय.

पहिली गोष्ट, महाग म्हणजे चांगलाच असणार. व्हेलमध्ये असतं तरी काय? जाळीचं कापड, कडेची लेस, केसांत खोवायचा छोटा कंगवा आणि कुणाच्या तरी हाताचे तास. यांतलं कापड सगळ्यांत स्वस्त. ते नेहमीच स्वस्त होतं असं नाही. पूर्वी ही जाळीसुद्धा हाताने विणावी लागायची आणि ती फक्त श्रीमंतांच्या घरी दिसायची. इंग्लंडच्या जॉन हीथकोटने १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तिथून ती हळूहळू साध्या घरांपर्यंत पोहोचली. विसाव्या शतकात नायलॉन आलं आणि ती आणखी स्वस्त झाली. महाग राहिलं ते हातकाम. म्हणून बुटिकमधला व्हेल हातात घेतलास तर आधी उलटा करून बघ. खडे आणि मोती टाक्यांनी बसवलेत की गोंदाने चिकटवलेत? नक्षी सुईने भरलीय की यंत्राची तयार बुट्टी कापून वर लावलीय? काम खरोखर हाताचं असेल तर त्या कारागिराचे कष्ट १४,००० चे असूही शकतील. दुकानदार तुला लुबाडतोय असं मला म्हणायचं नाही. पण तुझ्याकडे उरलेत १३,५००. त्यात ब्लाउजची शिलाई, रिसेप्शनची साडी आणि चपला बसवायच्या आहेत. हा व्हेल एकटाच त्या पैशांच्या बाहेर जातो. जी गोष्ट तू फार तर तीन-चार तास डोक्यावर ठेवणार, तिच्यासाठी भावाकडे पुन्हा हात पसरावा लागावा, हे मला पटत नाही.

पांढऱ्या पोशाखातल्या नवरीची चाल जिच्यामुळे सगळीकडे पसरली, त्या व्हिक्टोरिया राणीचं उदाहरण देते. १८४० मध्ये तिच्या लग्नातला व्हेल हॉनिटन लेसचा होता, म्हणजे डेव्हन परगण्यातल्या बायकांनी हाताने विणलेल्या लेसचा. तिला पैशांची वाण नव्हती. तरी ती लग्नातली लेस तिने आयुष्यभर पुन्हा पुन्हा अंगावर घेतली, आणि १९०१ मध्ये तिचं दफन झालं तेव्हा तिच्याच इच्छेप्रमाणे लग्नाचा तो व्हेल तिच्यासोबत होता. जुनी लेस वापरणं हा गरिबीचा कारभार आहे असं कुणी म्हणालं, तर हे लक्षात असू दे.

दुसरी गोष्ट, लांब म्हणजे सुंदर. इथे तुझी साडी विसरून चालणार नाही. लांब, मागे लोळणारा व्हेल जन्माला आला तो गाऊनसाठी. गाऊनची पाठ साधी असते, मागचा घेर मोकळा असतो, त्यावर जाळीचा लोट उठून दिसतो. साडीला मागून पदर आहे. तुझ्या साडीचे पैसे मुख्यतः जरीकाठाचे आणि पदराचेच आहेत. त्यावर तीन मीटर जाळी टाकलीस तर चर्चमध्ये मागे बसलेल्या लोकांना ना पदर दिसेल ना ब्लाउजची पाठ. शिवाय जरीचा काठ, पदराचे गोंडे, ब्लाउजवरची टिकली, हातातली बांगडी, सगळं जाळीत अडकतं. एक धागा अडकला आणि ओढलास की जाळीला भोक पडतं. मावसबहिणीने गाऊन घातला असेल तर तिचा व्हेल तिला शोभलाच असेल. तुझ्या साडीवर तोच चांगला दिसेल असं नाही.

साडीवर माझ्या मते दोनच लांबी खरोखर जमतात. एक, कोपरापर्यंत. दुसरी, हात खाली सोडल्यावर बोटांची टोकं जिथे येतात तिथपर्यंत. तू बोटांपर्यंतचा घे. त्यात व्हेल घातल्याचं समाधानही मिळतं आणि पदराची नक्षी जाळीतून झिरपत दिसते. माप टेपने घ्यायचं, अंदाजाने नाही. लग्नात घालणार त्याच चपला घालून, केस त्याच पद्धतीने बांधून सरळ उभी राहा आणि कंगवा जिथे खोवणार तिथून खाली मोजून घे. साधारण उंचीच्या मुलीला ते ३६ ते ४० इंच भरतं.

व्हेलचा तोंडावरून घ्यायचा पुढचा पदर हवा की नको, हे तुम्ही दोघी मायलेकींनी ठरवा. पाळकसाहेबांनाही विचारून घे, कारण काही ठिकाणी नवऱ्याने तो बाजूला करायची रीत असते, काही ठिकाणी नसते. व्हेल नसेल तर लग्न लागत नाही, असा नियम मात्र नाही. उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायात इसहाकाला पाहताच रिबका स्वतःला झाकून घेते. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल बायकांनी प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकण्याबद्दल लिहितो. या परंपरेला अशा वचनांचा आधार दिला जातो आणि तिचा मान राखावासा वाटणं स्वाभाविक आहे. कॅथलिक वाचकांसाठी सांगते : १९१७ च्या चर्चच्या कायद्यात बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं कलम होतं, १९८३ च्या नव्या कायद्यात ते राहिलं नाही. म्हणजे ज्या मुलीला व्हेल नकोच आहे, तिने साडीचा पदर डोक्यावर घेतला किंवा अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा माळला तरी ती तेवढीच नवरी आहे. तुला व्हेल हवा आहे, तर घे. पण हौसेने घे, भीतीने नको.

आता बाजार. मेन रोड, शालिमार, कापड पेठ या पट्ट्यात साडीचे फॉल आणि अस्तर विकणारी, लेसची, लग्नसाहित्याची दुकानं एकमेकांपासून पायी जाण्याइतकी जवळ आहेत, त्यामुळे तीन-चार ठिकाणी हात लावून बघितल्याशिवाय काही घेऊ नकोस. दुकानात ‘नेट’ एवढंच म्हणालीस तर कडक कॅनकॅनही पुढे येईल. ती घागऱ्याच्या आत फुगवटा धरायला असते, डोक्यावर तंबूसारखी उभी राहते. ‘सॉफ्ट नेट’ माग. हाताच्या मुठीत चुरगाळून सोडायची. अलगद खाली पडली तर ती तुझ्या कामाची, ताठ राहिली तर नाही. चकाकी असलेली नेट टाळ. दुकानाच्या दिव्याखाली ती छान दिसते, पण फ्लॅश पडला की फोटोत चेहऱ्यापुढे पांढरे ठिपके उमटतात.

रंगाकडे सगळ्यांत जास्त लक्ष दे. तुझी साडी मोतिया आहे. तिच्याशेजारी शुभ्र पांढरी नेट ठेवलीस तर नेट निळसर दिसते आणि साडी मळकी. ब्लाउजपीसचा तुकडा पर्समध्ये ठेवून जा आणि नेटचं टोक त्यावर धरून दुकानाच्या बाहेर, उन्हात बघ. ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नकोस. दुकानात नेमकी छटा मिळाली नाही तर पातळ चहाच्या कोमट पाण्यात पांढरी नेट बुडवून ती थोडी मोतिया करता येते. पण ती नायलॉनची असेल तरच. पॉलिएस्टर चहाचा रंग धरत नाही. म्हणून आधी हातभर तुकडा करून बघ.

नेटचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ५४ ते ५८ इंच मिळतो आणि तो एका थराच्या व्हेलला पुरतो. पुढचा पदर हवा असेल तर मागचे ४० आणि पुढचे ३० अशी ७० इंच लांबी लागेल, म्हणजे दोन मीटरच्या आत. अडीच मीटर घे, उरलेला तुकडा सरावाला. साधी सॉफ्ट नेट मीटरला शंभर-दीडशेच्या आसपास मिळावी, दुकानागणिक थोडं कमी-जास्त. पैसे वाचवायचे तर नेटमध्ये वाचव, लेसमध्ये नको. सगळ्यांची नजर कडेवरच जाते.

शिवणं अवघड नाही. जाळीचे धागे उसवत नाहीत, त्यामुळे तिची कडा दुमडावी लागत नाही. नेट आधी लांबीत अर्धी घडी घाल, कडा जुळव, कपड्याच्या चिमट्यांनी धरून ठेव, खालचे कोपरे मोठी परात ठेवून गोल आखून घे आणि धारदार कात्रीने एका दमात काप. बोथट कात्री जाळीला कुरतडते. पुढच्या टोकापासून ३० इंचांवर आडवी रेघ धरून तिथे दोन ओळी धावदोरा घाल, दोन्ही ओळी सारख्या ओढ, म्हणजे ५४ इंचांच्या चुण्या चार इंचांत येतात. त्या चुण्या चार इंची कंगव्याच्या दांड्यावर पक्क्या टाचून घे. दोरा नेटच्याच रंगाचा. कंगव्याच्या दांड्यावर आधी पातळ सॅटिनची रिबीन गुंडाळलीस तर टाके घसरत नाहीत. मशीनवर लेस लावायची तर जाळी सुईबरोबर खाली ओढली जाते, म्हणून तिच्याखाली बटरपेपर धरून शिव, नंतर तो फाडून काढ. वर्तमानपत्र नको, शाई लागते. सगळ्या कडेला लेस लावली तर सहा मीटर लागेल. फक्त मागच्या गोलाईला लावलीस तर तीन-साडेतीन मीटरमध्ये भागतं आणि तोंडावरचा भाग हलका राहतो. मला ते जास्त आवडतं.

एवढं वाचून हात थरथरत असतील तर चर्चच्या मंडळीत शिवणकाम जाणणारी एखादी काकू नक्की असेल. तिला विचार, साहित्य घेऊन जा, शिलाईचे पैसे ठरवून दे. ओळखीतल्या माणसाकडून फुकटात करून घ्यायची आपल्याकडची सवय मला पसंत नाही, विशेषतः बायकांच्या हातकामाच्या बाबतीत.

आता आईचा व्हेल. तुझ्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. ‘आईला नको कसं म्हणू’ असं तू लिहितेस, पण आईने तुला काय विचारलंय? ‘तुझ्यासाठीच जपून ठेवलाय’ एवढंच ती म्हणाली आहे. तो जसाच्या तसा डोक्यावर घेच, असं ती म्हणाल्याचं तुझ्या पत्रात नाही. तू तिच्याशी बोलण्याआधीच तिचं उत्तर ठरवून टाकलंस, आणि ते उत्तर तुला जड जातंय. एखाद्या रविवारी दुपारी दोघी मिळून ट्रंक उघडा. तो कुणी शिवला होता, कुठून आणला होता, लग्नात त्याचं काय झालं, हे विचार. आपल्या नाशिकमधल्या शरणपूरची ख्रिस्ती वस्ती मिशनच्या काळापासूनची, आणि अशा जुन्या मंडळींमध्ये एकीचा व्हेल दुसरीने मागून नेल्याच्या गोष्टी घरोघर सापडतात. तिच्या व्हेलचीही तशी काही गोष्ट असेल तर ती तुला लग्नाआधी कळायलाच हवी.

मग त्या व्हेलची तपासणी. जुनं नायलॉन वर्षांनी पिवळं पडतं आणि ठिसूळही होतं. चिमटीत धरून अगदी हलका ताण दे. चर्र करून फाटलं तर ती जाळी आता डोक्यावर घेण्याजोगी राहिली नाही, कितीही धुतली तरी. टिकली तर धुऊन बघायला हरकत नाही. आधी कंगवा, टाचण्या, पिना सगळं काढून टाक, तपकिरी डाग बहुधा त्यांच्याच गंजाचे असतील. कोमट पाण्यात सौम्य साबण विरघळवून तासभर भिजव. चोळायचं नाही, पिळायचं नाही. ओली जाळी स्वतःच्या वजनाने फाटते, म्हणून पाण्यातून काढताना तिच्याखाली पांढरा पंचा धरून दोघींनी उचला आणि सावलीत आडवी वाळवा. क्लोरीनचं ब्लीच अजिबात वापरू नका. नायलॉन त्याने पांढरं होण्याऐवजी जास्त पिवळं आणि कमकुवत होतं. इस्त्री करायचीच तर सर्वांत कमी तापमानावर आणि वर सुती कापड ठेवून. हे नव्या नेटलाही लागू आहे. गरम इस्त्री लागली की ती क्षणात वितळते.

माझा अंदाज, जाळी टिकणार नाही, लेस टिकेल. आणि इथे तुझ्या साडीचा रंग तुझ्या बाजूने आहे. तीस वर्षांत लेस जी पिवळसर झाली आहे, ती शुभ्र पांढऱ्या गाऊनवर जुनाट दिसली असती, मोतिया रेशमावर ती मुद्दाम निवडल्यासारखी दिसेल. शाबूत लेस टाके उसवून अलगद सोडव आणि नव्या जाळीच्या मागच्या गोलाईवर लाव. कमी पडली तर फक्त मधल्या भागाला, पाठीवर येईल तिथे लाव, दोन्ही बाजूंना साधी कडा ठेव.

मात्र कात्री लावण्याआधी आईचा स्पष्ट होकार घे. ‘चालेल ना गं?’ असं घाईत विचारून नाही. बसून, दाखवून, काय करणार ते सांगून विचार. ती नको म्हणाली तर कापू नकोस. मग बाजारातली लेस घे, आणि आईचा व्हेल तसाच राहू दे. त्याचं सुटून आलेलं एखादं टोक असेल तर ते तुझ्या हातातल्या फुलांच्या गुच्छाच्या देठांना गुंडाळता येईल. होणाऱ्या सासूबाईंनी स्वतःचा व्हेल पुढे केला, असंही अशा वेळी होतं. तेव्हा ‘आईच्या लेसचा शिवतेय’ हे उत्तर कुणालाही न दुखावता देता येतं.

भाड्याबद्दल मी आधी नको म्हणाले, त्याचं कारण असं की ४,५०० देऊन हातात काही उरत नाही आणि जाळी फाटली, मेणाचा थेंब पडला, लिपस्टिक लागली तर अनामत जाते. लग्नाच्या दिवशी ती धास्ती कशाला? भाडं योग्य ठरतं ते वेगळ्या परिस्थितीत : लग्न पंधरा दिवसांवर आलंय, शिवायला कुणी नाही आणि हवा आहे तो गाऊन-व्हेलचा पूर्ण संच. तशा मुलीने भाड्याने आणावा, पण घेतानाच व्हेल उजेडात पसरून आधीची भोकं आणि डाग मोबाईलवर फोटो काढून दुकानदाराला दाखवून ठेवावेत. आणि त्याहून चांगला मार्ग म्हणजे गेल्या एक-दोन वर्षांत लग्न झालेल्या मैत्रिणीला विचारणं. बहुतेक व्हेल एकदा वापरून कपाटात जातात.

लग्नाच्या दिवसाचंही सांगते, कारण याचा विचार कुणी करत नाही. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. चर्चमध्ये पंखे पूर्ण जोरात असणार, शेजारी उभा पंखाही असेल. हलकी जाळी वाऱ्याने सारखी तोंडावर येते, नवऱ्याच्या कोटाच्या बटणात अडकते. मागच्या गोलाईला लेस असली की थोडं वजन येतं. तेवढं पुरलं नाही तर कडेला वीतभर अंतराने एकेक छोटा मोती टाच. आणि मेणबत्ती. नवरा-नवरीने मिळून मेणबत्ती पेटवायची असेल तर त्याआधी पुढचा पदर मागे गेलेला असला पाहिजे आणि व्हेल एका करवलीने मागून धरलेला असला पाहिजे. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही ज्योतीजवळ वितळून कातडीला चिकटतात. ज्या करवलीला हे काम देशील तिला आदल्या दिवशीच सांगून ठेव, ऐन वेळी सगळ्यांचं लक्ष फोटोकडे असतं.

रिसेप्शनला व्हेल काढून ठेव. संध्याकाळी गजरा पुरेसा आहे, आणि माणसांना तुला मिठी मारता येईल.

हे पत्र वाचणाऱ्या नऊवारीवाल्या मुलींनाही थोडं सांगायचंय. हल्ली मुंडावळ्या बांधून, शेला घेऊन, वर पुन्हा जाळीची ओढणी आणि तिच्या काठावर आशीर्वादाची अक्षरं भरून घ्यायची चाल आली आहे. अक्षरं भरलेली ओढणी नंतर कशावरच वापरता येत नाही. तेवढेच पैसे शेल्यात घाला. आपल्याच जिल्ह्यात येवला आहे. तिथे थेट विणकराकडे गेलात तर पूर्ण पैठणी परवडली नाही तरी पैठणी काठाचा शेला किंवा ओढणी आवाक्यात येऊ शकते, आणि ती पुढे कुठल्याही साध्या रेशमी साडीवर घालता येते. घेताना पदराची नक्षी उलटून बघा. हातमागावरच्या पैठणीत मोर असो की मुनिया, नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. मागे लोंबते धागे असतील तर ती यंत्रावरची, आणि मग भावही त्याप्रमाणेच द्या. तेही नको असेल तर आजीच्या विरलेल्या साडीचा काठ काढून साध्या रेशमी कापडाला लावा. हे काम करणारे टेलर नाशिकमध्ये मिळतात.

आता राहिलं पाहुण्यांचं बोलणं. ‘परवडलं नसेल’ असं कुणी म्हणेल, ही तुझी भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या समाजात लग्नात माणसं किमती विचारतात आणि त्याचा त्रास होतो. पण नीट बघ. दोन भावंडं नोकऱ्या करून वडिलांवर कर्ज न चढवता लग्न करताहेत. यात लपवण्यासारखं काय आहे? कुणी विचारलं, ‘व्हेल कुठून घेतला?’ तर ‘आईच्या लग्नातल्या लेसचा आहे, आम्ही शिवला’ असं सांग, आणि ते आईसमोर सांग. मावसबहिणीशी तुलना तू स्वतःच्या मनात आधी थांबव. ती तुझ्यापुढे मिरवायला आली होती असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. उलट तिलाच फोन करून विचार की लांब व्हेल घालून चालताना, पायऱ्या उतरताना, गाडीत बसताना कसं वाटलं. खरं उत्तर तीच देऊ शकेल, आणि कदाचित लग्नाच्या दिवशी व्हेल सांभाळायला सगळ्यांत चांगली करवलीही तीच ठरेल.

ईस्टर झाला की मंडळीतली बरीच लग्नं एकदम येतात आणि शिवणाऱ्यांकडे गर्दी होते, म्हणून नेट आणि लेस ईस्टरआधीच्या उपवासकाळातच आणून ठेव. शिवून झाल्यावर ब्यूटिशियनकडे ट्रायलला जाताना व्हेल बरोबर ने. पुढचा पदर असेल तर कंगवा अंबाड्याच्या वर खोवावा लागतो, खाली खोवला तर जाळी अंबाड्यावरून पुढे येत नाही. गजरा आधी की कंगवा आधी, तेही तिथेच ठरवा. कंगवा खोवल्यावर दोन्ही बाजूंना यू-पिना लाव, मान जोरात हलव, खाली वाकून बघ. सैल वाटला तर कंगव्याच्या मागे आणखी दोन टाके घाल आणि पुन्हा घालून बघ.